एक परत आला नाही. मग बाकीचे चौघे? : ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’चे पुनर्वाचन

ख्वाजा अहमद अब्बास यांचे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक १९४४ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. तो १९४६ साली पडद्यावर आला. दोन्ही कृतींचा विषय एकच, लेखनात अब्बास यांचा हात दोन्हीकडे, आणि मधले अंतर अवघे दोन वर्षांचे. तरीही नावे शेजारी ठेवली की एक फरक लगेच नजरेत भरतो. पुस्तकाचे नाव म्हणते, एक जण परतला नाही. म्हणजे गेले होते ते अनेक. उपशीर्षकात तर काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाची ही हकीगत आहे असे सरळच सांगितले आहे. चित्रपटाच्या नावातून मात्र पथक गळाले, मोजणी गळाली. उरला एक डॉक्टर आणि त्याचे अमरत्व.

नावातला हा फरक पुढे सबंध कथेत कसा पसरला आणि त्यामुळे फॅसिझमविरोधी लढ्याचे कोणते चित्र आपल्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चित्रपट हिंदीत आहे. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत, जिथे घरची भाषा मराठी आणि कारभाराची हिंदी, तो वर्गात दाखवायला सोयीचा आहे. म्हणूनच तो दाखविताना काय दाखवले जाते आणि काय झाकले जाते, हे अध्यापकाला ठाऊक असावे.

प्रथम पार्श्वभूमी. दोन महायुद्धांच्या दरम्यान इटलीत मुसोलिनी, जर्मनीत हिटलर आणि पूर्वेकडे जपानची लष्करशाही अशी सत्ता वाढत गेली. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला, १९३५ मध्ये इटली अबिसीनियावर चालून गेली, १९३६ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोने लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड केले, आणि ७ जुलै १९३७ रोजी जपान व चीन यांच्यात उघड युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत जर्मनी, इटली आणि जपान कम्युनिस्टविरोधी करारात एकत्र आलेले होते. परतंत्र देशाजवळ सैन्य नव्हते, परराष्ट्र खाते नव्हते. मग प्रतिकार करायचा कशाने? सभा, निषेध दिन, बहिष्कार आणि वर्गणी एवढीच साधने हाती होती. जवाहरलाल नेहरूंनी मार्च १९३६ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर मायदेशी परतताना, रोममध्ये मुसोलिनीची भेट घ्यायचे नाकारले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मात्र जपानी माल घेऊ नका म्हणणारे ठराव आणि चिनी जनतेसाठी पैसे गोळा करणारी माणसे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात.

चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ३० जून १९३८ रोजी त्यांनी जनतेला आवाहन केले, ७ ते ९ जुलै असे तीन दिवस देशभर चीन दिन पाळला गेला आणि २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण रुपयाचे सोळा आणे होत असत, त्या हिशेबाने हे ३,५२,००० आणे होतात. माणशी एक आणा धरला, तर साडेतीन लाख हात झाले. प्रत्यक्षात कोणी जास्त दिले असेल, कोणी कमी. पण या आकड्याकडे रुपयांपेक्षा आण्यांत पाहिले, तर त्याचा अर्थ अधिक कळतो.

या पैशातून औषधे आणि साहित्य घेतले गेले आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. नेते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. ते त्याआधी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम करून आले होते. म्हणजे या एका माणसाच्या रूपाने स्पेन आणि चीन ही दोन रणांगणे जोडली गेली होती. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे पाचांत वयाने सर्वांत मोठे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटनीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी होते, आणि त्याच शहरातले डॉ. बिजयकुमार बसू हे डॉ. रणेन सेन यांच्या जागी आले. कारण सेन यांना त्यांच्या राजकीय संबंधांमुळे ब्रिटिश सरकारने पारपत्र नाकारले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि पाचही नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटनीस ‘के दीहुआ’ झाले, हे पुष्कळांना माहीत असते. चोळकरही ‘हुआ’ झाले होते, हे सांगावे लागते.

येथे नागपूरकडे थोडे वळून पाहणे आवश्यक आहे. १९३८ साली नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातले सौंसर व लोधीखेड्यासह, याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजधानी तुटली आणि आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. पण त्या काळच्या हिशेबाने चोळकर हे आपल्याच राजधानीचे डॉक्टर. त्या काळच्या नागपूरच्या राजकारणात डॉक्टरांचा भरणा नवल वाटावे इतका होता. प्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे (त्यांचे मंत्रिमंडळ नेमके जुलै १९३८ मध्ये, म्हणजे चीन दिनाच्याच महिन्यात कोसळले), राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार, आणि हिंदू महासभेचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे.

मुंजे यांचे उदाहरण चोळकरांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर युरोपातून परतताना ते रोमला थांबले. १९ मार्च १९३१ रोजी त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली, मुलांना लष्करी शिस्तीत घडविणाऱ्या बालिल्ला संघटनेच्या संस्था पाहिल्या आणि आपल्या रोजनिशीत त्यांविषयी मोकळेपणाने कौतुक लिहिले. इटालियन संशोधक मार्झिया कॅसोलारी यांनी २००० साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये ही कागदपत्रे मांडली, तेव्हापासून हा भाग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल १९३७ साली सुरू झाली, तिच्यामागे मुंजेच होते. एकाच शहरातले दोन वैद्य. एक १९३१ साली रोममध्ये जाऊन गणवेशातल्या मुलांवर प्रसन्न होतो. दुसरा १९३८ साली, उतारवयाकडे झुकलेला असताना, त्याच गोटातल्या सत्तेच्या बॉम्बखाली जखमी झालेल्यांना पट्ट्या बांधायला निघतो. एवढ्यावरून नागपूरचे दोन तट पाडून मोकळे होणे मात्र घाईचे ठरेल. गणवेशाची भुरळ त्या दशकात सर्वत्र होती. लाहोरात अल्लामा मश्रिकी यांची खाकसार चळवळ १९३१ साली निघाली, तिच्या हाती बेलचा होता आणि अंगावर खाकी. समकालीनांना तिच्यातही युरोपातल्या त्या पथकांची छाया दिसली होती. आपल्या पत्रिकेच्या वाचकांनी ही बाजू नजरेआड करू नये असे वाटते. दुसऱ्याच्या घरातला गणवेश दिसतो, आपल्या घरातला दिसायला वेळ लागतो.

आता चित्रपट. शांताराम यांनी दिग्दर्शन केले आणि कोटनीसांची भूमिकाही स्वतः केली. नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई यांचे, निर्मिती राजकमल कलामंदिराची. पटकथेत अब्बास यांच्याबरोबर वि. प. साठे होते. एका नेत्याचे भाषण ऐकून भारावलेला तरुण डॉक्टर चीनला जातो, जखमींची सेवा करतो, चिंग लान या चिनी तरुणीशी विवाह करतो, जपान्यांच्या हाती सापडतो, सुटतो, प्लेगची साथ आटोक्यात आणतो आणि अखेर त्याच रोगाने मरतो. शेवटी विधवा आणि मूल सोलापूरच्या घरी येतात. शांतारामांची दृश्यरचनेवरची पकड येथेही जाणवते, आणि शेवटचा भाग पाहताना डोळे भरून येतात. चित्रपट दुबळा आहे, असे म्हणायचे नाही. तो चांगला असल्यामुळेच त्याने गाळलेल्या गोष्टी लोकांच्या स्मरणातूनही गळाल्या.

पहिला बदल मृत्यूचा. कोटनीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, होपेई प्रांतातल्या एका खेड्यात वारले ते अपस्माराच्या झटक्यांनी. प्लेगने नव्हे. पडद्याला प्लेग हवा होता, कारण प्लेग दुसऱ्याकडून लागतो. रोग्याची सेवा करताना मरण आले, हा हिशेब प्रेक्षकाला सहज पटतो. अपस्माराला आपल्या समाजात आजही लोक कुजबुजत बोलतात. नायकाला फेफरे येते, हे १९४६ च्या पडद्यावर कोण दाखवणार? पण विचार केला तर खरी हकीगत अधिक मोठी आहे. अन्नाची टंचाई, थंडी, सतत हलणारी इस्पितळे, त्यात हा आजार, आणि तरी हातातली सुरी थांबत नाही. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. हा माणूस निरोगी नव्हता, ही माहिती काढून टाकल्याने त्याची उंची वाढली नाही, उलट थोडी कमीच झाली.

दुसरा बदल आपल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, दृष्टीने अधिक महत्त्वाचा. कोटनीस नुसते शल्यविशारद नव्हते; ते अध्यापक होते. डॉ. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यविशारद, तेही आधी स्पेनमध्ये राहिलेले. ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटनीसांकडे आली, आणि तेथील वैद्यकीय विद्यालयात ते शिकवीत असत. शिकवीत ते चिनी भाषेत. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात इंग्रजीतून शिकलेला सोलापूरचा हा मराठी मुलगा दोन-तीन वर्षांत चिनी शिकतो, त्या भाषेत व्याख्याने देतो आणि मरणाच्या सुमारास शल्यचिकित्सेचे चिनी पाठ्यपुस्तक लिहीत असतो. मातृभाषा एक, माध्यमाची भाषा दुसरी आणि परीक्षेची तिसरी अशा परिस्थितीत वर्ग घेणाऱ्या आपल्या अध्यापकांना यातले कष्ट समजावून सांगायची गरज नाही. या कामातून घडणारे परिचारक आणि शल्यविशारद शेकड्यांनी पुढे जातात, एक माणूस मेला तरी काम थांबत नाही. प्रतिकार टिकतो तो असा. मात्र वर्गातला फळा दृश्य म्हणून फिका असतो. कॅमेऱ्याला बॉम्ब, घोडे आणि साथ हवी. त्यामुळे पडद्यावरचा कोटनीस वाचवतो खूप, शिकवतो थोडे.

याच ओघात चिंग लानचे काय झाले ते पाहावे. खऱ्या गुओ चिंगलान त्याच विद्यालयात परिचर्या शिकवीत होत्या. म्हणजे कोटनीसांच्या सहअध्यापिका. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, आणि भारत व चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतले एकेक अक्षर घेऊन त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले. पडद्यावर त्या प्रेयसी, पत्नी आणि विधवा या तीन पायऱ्या चढतात. अखेरचे सोलापूरला येणेही कवीकल्पनाच. प्रत्यक्षात त्या काळात त्या चीनमध्येच होत्या, भारतात आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. चिनी सून हिंदू घराच्या उंबरठ्याशी येते, या चित्रात एक माया आहे हे खरे. पण त्यात चिनी लढा आपल्या घरात सामावून घेतला जातो, आणि जिने तो लढा स्वतः लढला ती पाहुणी होते. मला चित्रपटातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते, मृत्यूच्या बदलाहूनही मोठी.

आणि चौघे? चोळकर, मुखर्जी आणि अटल हे प्रकृतीच्या कारणांनी एकेक करून परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले; ते परतल्यावर त्यांच्याकडून अब्बास यांना पथकाची हकीगत मिळाली, आणि त्यांची स्वतःची रोजनिशी पुढे १९८६ साली ग्रंथरूपाने आली. म्हणजे ‘अमर कहानी’ आपल्यापर्यंत आली, तीच मुळी परत आलेल्यामुळे. तरी परत येणे हा आपल्याकडे गौण प्रकार ठरतो. मेला तो हुतात्मा, आजारी होऊन आला तो विस्मरणात. कथनाच्या दृष्टीने हे स्वाभाविक असेल; पाच नायकांचा चित्रपट चालत नाही, हा निर्मात्याचा युक्तिवादही मान्य करता येईल. पण शांतारामांनीच १९४१ मध्ये ‘शेजारी’ काढला होता, आणि त्यात एका गावाची, दोन शेजाऱ्यांची, हिंदू-मुसलमानांची कथा समूहासकट उभी केली होती. त्यांना समूह दाखवता येत नव्हता असे नाही. १९४६ मध्ये त्यांनी तो दाखवला नाही, एवढेच.

का दाखवला नाही, याचे एक उत्तर त्या वर्षातच सापडते. युद्धकाळात निर्मात्यांवर युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट काढण्याचे दडपण होते आणि कच्ची फिल्म सरकारच्या हाती होती. ‘कोटनीस’ची आखणी या चौकटीत झाली. सरकारला जपानविरोधी कथा हवी होती, ती यात होती. राष्ट्रवाद्यांना काँग्रेसचे पथक हवे होते, तेही होते. लोकयुद्धाचा पुरस्कार करणाऱ्या डाव्यांना चिनी जनतेचा लढा हवा होता. इप्टाच्या वर्तुळातले अब्बास तो घेऊन आलेच होते. तिघांनाही चालेल असा एकच माणूस: निःस्वार्थी डॉक्टर. पथकाकडे वळले की अडचणी सुरू होतात. हे पथक पाठविणाऱ्या काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू १९४३ मध्ये जपानच्याच मदतीने आझाद हिंद सेना उभी करीत होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि शाहनवाज, सहगल, धिल्लों ही नावे घरोघरी पोचली. अशा वातावरणात जपानशी लढणाऱ्यांना मदत करणारे पथक कोणी पाठवले, पैसे कोणी दिले, आणि तेच लोक पुढे कोणत्या बाजूला गेले, हे विचारणे कोणालाच सोयीचे नव्हते. ‘अमर’ हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्याने प्रश्न मिटतात. शिवाय कोटनीस १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, तेही या निःस्वार्थी चौकटीत बसणारे नव्हते.

समूहातून तोडलेला नायक किती सहज कोणाच्याही हाती जातो, याचा पुरावा चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीने दिला. ती अमेरिकेत पोचली, आणि १९५५ मध्ये तिची मोडतोड करून ‘नाइटमेअर इन रेड चायना’ या नावाने ती दाखविण्यात आली. फॅसिझमविरोधी लढ्याची कथा कम्युनिस्टविरोधी प्रचाराच्या कामी लागली. कथेत वर्गणी देणारे, बहिष्कार घालणारे, पथक निवडणारे असे कोणी ठळकपणे उभे असते, तर हे इतके सोपे झाले नसते.

पुस्तक या बाबतीत सरस आहे. अब्बास पानिपतचे, हालींच्या घराण्यातले, अलीगढला शिकलेले. सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांच्या संपादकत्वाखालील ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये त्यांची पत्रकारिता घडली. त्या वृत्तपत्राच्या कचेरीत अबिसीनिया, स्पेन आणि चीन हे मुंबईच्या गिरणगावाइतकेच जवळचे विषय होते. म्हणून त्यांनी पथकाची हकीगत बातमीदाराच्या अंगाने लिहिली. अर्थात पुस्तकातही दोष आहेत. ते युद्धाच्या धामधुमीत लिहिलेले आहे, भावनेचा सूर चढा आहे, चिनी नेत्यांविषयी प्रश्न विचारण्याऐवजी दाद देण्याकडे लेखकाचा कल आहे. पण पाचांची मोजणी त्याने सोडली नाही. एकाच लेखकाच्या हातून कागदावर उतरलेले पडद्यावर उतरले नाही, याचा दोष केवळ शांतारामांवर टाकणेही योग्य नव्हे. पटकथा अब्बास यांचीही होती.

वर्गात चित्रपट दाखवावाच. दाखवून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. नागपूर येथून दूर नाही. तेथील ‘हितवाद’ आणि गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ ही त्या काळची पत्रे. जून ते सप्टेंबर १९३८ चे अंक ग्रंथालयात बसून चाळावेत. खरे मंत्रिमंडळाच्या गदारोळाच्या बातम्या पानेच्या पाने असतील. त्यांच्या कडेला, लहान टायपात, चीन दिनाच्या सभा आणि निधीच्या बातम्या शोधाव्यात. कोणत्या गावाने, कोणत्या पेठेने, कोणत्या शाळेने किती आणे दिले, ते वहीत उतरवावे आणि मग ती यादी अटल, चोळकर, कोटनीस, बसू आणि मुखर्जी या नावांखाली लिहावी.